पट्टी क्रमांक चार

रात्री अकरानंतर वर्सोव्याच्या एका तळघरात
मी जुन्या खुनांचे आवाज धुऊन देतो.

हा खून चौऱ्याऐंशीचा. सिनेमाचं नाव सांगत नाही,
करारात तसं कलम आहे.
नाना चौकातली इमारत, जाळीची लिफ्ट,
पांढऱ्या बुटांचा माणूस जिना चढतोय,
वर चौथ्या मजल्यावर एक बाई
दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी,
आणि नेमका तेव्हाच
सिंथेसायझर नाचायला लागतो.
टिव् टिव् टिव् ढप्.
खुनी कसला, गॅदरिंगला उशिरा पोचलेला
हौशी डान्सर वाटतो.

निर्मात्याचा नातू, निमेश भायाणी, म्हणाला,
हे काढा. कॉलेजात दाखवला, पोरं इथेच हसली.
मला म्हणायचं होतं की हसू आणि किंकाळी
एकाच घशातून येतात वगैरे,
पण मागचं बिल थकलं होतं.
म्हटलं, काढतो.

काढलं. पट्टी क्रमांक चार, गप्प.
मग बूट ऐकू आले.
कुणाच्या तरी कुकरची अर्धवट शिटी,
लिफ्टच्या चाकाला चाळीस वर्षांपूर्वी
तेल हवं होतं, तेही.
मुग्धानं हेडफोन उतरवून
मागचं दार लागलंय का ते पाहिलं.

झकास. आता भीती वाटते.
फक्त कधीची, ते कळत नाही.
जिना कुठलाही, बाई कुणीही,
परवाच एका मालिकेत हीच शांतता
मी स्वतः भरून दिली होती, मिनिटाच्या दरानं.

बंदरावरच्या पाठलागातला सॅक्सोफोन मात्र
मी बिनदिक्कत कापला.
तो तेव्हाही वाईटच असणार.

अल्बन मिस्किटा ओर्लेमहून रिक्षानं आले.
वय एकोणऐंशी, डाव्या कानात यंत्र.
म्हणाले, "चित्र कोण दाखवतो आम्हाला?
सांगितलं, माणूस जिना चढतो, दोन मिनिटं दहा सेकंद.
मी विचारलं, कशाला चढतो? पोरगी भेटते काय वर?
अरेंजर बोलला, तू वाजव.
बाजा भाड्याचा होता, सहाला परत द्यायचा.
हा टेक पावणेसहाचा."

आधी नुसता जिना ऐकवला.
"बरा आहे," म्हणाले. "हा मारणार."
मग चार नंबर उघडली.
हसले नाहीत. टेबलाच्या कडेवर
बोटं आपोआप पळू लागली,
आणि पळता पळताच म्हणाले,
"ह्याला उशीर झालाय."

तेव्हापासून मला दुसरं काही ऐकूच येत नाही.
पांढरे बूट, आणि मागे लागलेला सहाचा ठोका.
त्या साली ही टिव् टिव् प्रत्येक भिंतीतून यायची,
पानवाल्याकडून, बारशातून, शेजारच्या टेपवरून.
त्या सुरावटीला ठाऊक नव्हतं वर काय होणार आहे.
शेजाऱ्यांना तरी कुठे होतं?

पोरं हसली हेही खोटं नाही.
मीही हसलो होतो, पहिल्यांदा.

मी आवाज सहा डेसिबलनं उतरवला,
वरच्या पट्ट्या छाटल्या,
शेजारच्या खोलीत गाणं लागलंय असा केला.
"ही चोरी आहे," मुग्धा म्हणाली.
पुन्हा होता तसा केला.
मग परत उतरवला.

शेवटी एक सूर जरुरीपेक्षा लांबतो.
मी ती चूक समजून दुरुस्त करणार होतो.
"की अडकायची," अल्बन म्हणाले, "दमट हवेत.
बोटाने उचलून काढावी लागायची."
पडद्यावर त्याच सुरात दूध वर आलं,
काठावर थबकलं.

मी थांबवलं. म्हटलं, चहा सांगू का?
ते पडद्याकडेच बघत होते.
"पुढे काय होतं त्या बाईचं?
मी पाहिलाच नाही कधी."
आणि कानातलं यंत्र एका काट्यानं वाढवलं.